पाठीवरचा कॅन

ओझरच्या नदीवर ती बाई रोज सकाळी तेलाचा रिकामा कॅन घेऊन यायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पोहणं, सायकल, पळणं एका दमात करायची शर्यत असते, त्यात बायकांनीही उतरावं, म्हणून ती धुणं धुणाऱ्या पोरींच्या मागे लागायची. मी एकटीच तयार झाले. पोहायला शिकवताना कॅन माझ्या पाठीला तीच बांधायची, तीच सोडायची. मला हात लावू द्यायची नाही.

एक दिवस म्हणाली, "हा ने घरी. तुला याचं काम न्हाई आता. उद्या तशीच उतर."

भीतीनं मी गेलेच नाही. पुढं लग्न झालं.

सासरी त्या कॅनमध्ये रॉकेल भरलं, तर खालून धार लागली. बुडाला दाभणानं पाडलेली जुनी भोकं होती. म्हणजे नदीत मी माझी मीच पोहत होते.