आतली उंची आणि दाराची उंची

ताईला एका जागी बसवणं कठीण. माल पाठवणाऱ्या कचेरीत ती कंटेनर ठरवून द्यायची. पण फोनवर बोलतानाही तिची टेबलाभोवती फेरी चालूच.

कोणी येऊन नुसतं "मोठा डबा द्या" म्हणालं की ती आधी विचारायची, "भरणार काय?" फरशा असतील तर वीसफुटी बास, मोठा घेतलात तरी वजनाची हद्द आधी गाठली जाते, जागा नुसती ओस पडते. उशा-गाद्यांना चाळीसफुटी. मासळीला फ्रिजवाला. क्रेननं वरून सोडायचं यंत्र असेल तर बिनछपराचा, वर ताडपत्री. गिऱ्हाइकं म्हणत, बाईंनी सांगितलं म्हणजे संपलं.

आज धाकट्या बहिणीच्या कारखान्यातली काचेच्या दारांची कपाटं पहिल्यांदाच परदेशी निघाली होती. संध्याकाळी बंदराचं फाटक बंद होण्याआधी माल आत गेला नाही, तर जहाज निघून जाणार आणि तिकडचा दुकानदार दुसरा सुतार शोधणार. ताईनं स्वतः मापं घेऊन वीसफुटी ठरवला होता. कपाटाच्या डोक्यावर चार बोटं जागा उरत होती. तरी सकाळपासून तिनं मापांचा कागद तीनदा उघडून पाहिला होता.

तेवढ्यात कचेरीतले साहेब जेवायला बाहेर पडले. उंचपुरा माणूस. खोलीत ताठ चालत आले आणि दारातल्या शटरच्या पेटीखाली सवयीनं वाकले. ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. डब्याच्या दारावरही आडवी तुळई असते! दार आतल्या उंचीपेक्षा बुटकं. तिनं मोजली होती फक्त आतली उंची. रोज लोकांना बजावायची, आणि बहिणीच्या वेळी नेमकं तेच विसरली.

ती कारखान्यात पोचली तेव्हा पहिलं कपाट दाराशी अडून उभं होतं. काचेमुळे आडवं पाडायची सोय नाही.

"ताई, आता?" धाकटीनं विचारलं.

"माझं चुकलं. उंच डबा हवा. वीसफुटीत मिळणार नाही, चाळीसफुटी मागवते." तिनं तिथल्या तिथे दोन फोन लावले आणि तिसऱ्यावर ओरडली.

उंच डबा आला. कपाटं उभीच्या उभी आत गेली, तरी अर्धा डबा रिकामाच. धाकटीचा नवरा आत डोकावून म्हणाला, "अहो ताई, एवढा हॉल घेतलात, आता सोफाही टाका!"

"तुम्हालाच बसवते आत! आधी फळ्या आणा, रस्त्यात कपाटं नाचतील."

फळ्या ठोकल्या, पट्टे आवळले. ट्रक गेला. ताई कारखान्याच्या फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. अंधार पडता पडता ड्रायव्हरचा फोन आला: माल बंदरात घेतला.

धाकटी पायरीवर बसली. "सकाळी डबा उघडला तेव्हाच मला दार बुटकं वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं होतंस ना. तुझं चुकतं कधी?"

ताई लहानपणापासून आपल्यापुढे गप्प बसणाऱ्या बहिणीकडे बघत राहिली.

"चुकतं गं," ती पुन्हा फिरू लागत म्हणाली. "पुढच्या वेळी तोंड उघड. भांडलीस तरी चालेल."

"मग आत्ताच सांगते," धाकटी म्हणाली, "येरझारा थांबव आणि खाली बस. मला गरगरायला लागलंय."