टिकलीएवढी जागा

वेणीमाधव मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण नव्या पेठेत गाडी कुठं लावावी हा प्रश्न त्यांना कधी सुटला नाही. निवृत्त झाल्यावर मुलीनं त्यांना बॅटरीवरची स्कूटर घेऊन दिली. तिला अजिबात आवाज नाही, हे दुकानदारानं दोनदा सांगितलं होतं. आवाज नसल्यामुळं ती चालू आहे की बंद हेही कळत नाही, हे मात्र त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं.

मार्चातल्या एका सकाळी मास्तर कापडाच्या दुकानासमोर उतरले आणि गाडी जरा कडेला घ्यावी म्हणून त्यांनी मूठ घट्ट धरली. मूठ पिळली गेली. स्कूटर मास्तरांना मागे सोडून एकटीच निघाली आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या टिकल्यांच्या हातगाड्यात जाऊन थांबली. पिना, कंगवे, रबरं, आरसे, सगळं रस्त्यावर आलं. नमुन्याच्या टिकल्या चिकटवलेला फळा मागोमाग धावलेल्या मास्तरांच्याच अंगावर पडला.

गाड्यामागची बाई पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, काटक. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "दादा, गाडी चालवताय का सोडून देताय वो?"

मास्तर ओशाळून खाली बसले आणि पाकिटं गोळा करायला लागले. बाईही बसली. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोघी बायका हातभार लावायला वाकल्या. तेवढ्यात मास्तरांचं लक्ष त्या बाईच्या कपाळाकडे गेलं. दोन भुवयांच्या मधोमध, कंपासनं काढावा तसा, रुपयाएवढा पांढराफटक डाग होता.

आता इथं एक सांगायला हवं. मास्तरांना त्या दिवसांत कंबरेवर गजकर्ण झालं होतं, त्यासाठी ते कातडीच्या डॉक्टरांकडे जात होते, आणि दवाखान्यात तासभर बसल्यामुळं भिंतीवरचे सगळे तक्ते त्यांचे पाठ झाले होते. अशा माणसाला आपण अर्धे डॉक्टर झालो असं वाटतं. त्यात आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय. त्यांनी भर पेठेत विचारलं, "अहो, तुमच्या कपाळावर हे कोड आहे का?"

विचारलं ते कळवळ्यानंच. पण त्या दोघी बायकांनी हातातली पाकिटं परत ठेवली. एकीनं बोटं पदराला पुसली. मग दोघीही, काही घाई नसल्यासारख्या, निघून गेल्या.

बाईनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं आणि मास्तरांना म्हणाली, "टिकल्या हुतील की गोळा. गिऱ्हाईक कसं गोळा करू, सांगा."

मास्तर घरी आले तेव्हा त्यांच्या टकलावर दोन चमकीच्या टिकल्या होत्या आणि पाठीवर एक चंद्रकोर. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी त्या नखानं काढल्या आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. "स्कूटर धडकली ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिला ब्रेक तरी आहे. तुमच्या तोंडाला तोही नाही." रात्री त्यांनी मास्तरांच्या ताटात एकदाच भात वाढला, आणखी हवा का हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेठेत गेले. या वेळी चालत. बाईचं नाव बाळाबाई. त्यांनी माफी मागितली आणि आपल्या डॉक्टरांकडे चला म्हणून मागेच लागले. "माझी विद्यार्थिनी आहे. माझ्याकडून फी घेत नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही."

"कशाला, मास्तर? कोड बरं हुतं व्हय कुटं?"

"ते कोड आहे की नाही, हे तरी कळेल."

बाळाबाई चार दिवस नको म्हणाली. पाचव्या दिवशी गाड्यावर ताडपत्री टाकून तयार उभी राहिली. त्या चार दिवसांत तिच्या टिकलीचं एकही पाकीट खपलं नव्हतं. पेठेत एक शब्द सुटला की तो पार टोकापर्यंत जातो, आणि तो मास्तरांनी सोडला होता.

कातडीच्या डॉक्टरकडची गर्दी इतर दवाखान्यांतल्या गर्दीसारखी नसते. तिथं कुणी कण्हत नाही, पण कुणी कुणाकडे बघतही नाही. मुरमांची पोरगी ओढणी नाकापर्यंत घेते, सोरायसिसचा कारकून भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून येतो, आणि गजकर्णवाले सभ्यपणे उभ्याउभ्याच वाट बघतात, कारण बसलं की खाजतं. बाळाबाईनं पदर भुवयांपर्यंत ओढला आणि मास्तरांच्या शेजारी बसून राहिली.

डॉक्टर चेतनानं आधी मास्तरांचा समाचार घेतला. "सर, औषधाच्या दुकानातली ती ट्यूब बंद केलीत ना? तिच्यात स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी आतून फोफावते. आता मी दिलंय ते पुरे दिवस घ्यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि टॉवेल?"

"घरात एकच आहे," मास्तर पुटपुटले.

"सोलापुरात राहून?" चेतना म्हणाली.

मग तिनं बाळाबाईला अंधाऱ्या खोलीत नेलं, कपाळावर जांभळट उजेडाचा दिवा धरला, हात-पाय, ओठांच्या कडा, पाठ, सगळं तपासलं. डाग दुसरीकडं कुठंच नव्हता. "टिकली किती वर्षं लावत होतीस, मावशी?"

"लगीन झाल्यापून. बत्तीस वर्सं."

"रोज?"

"रोज नवी," बाळाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडं हसली. "मालक लावायचे."

मालक म्हणजे नवरा, श्रीमंत. नावाचाच. सांगोल्याकडच्या कोरड्या रानात मेंढरं वळणारं घर, पाठोपाठ दोन उन्हाळे असे आले की कळप विकावा लागला. नवराबायको सोलापूरला आली आणि मेंढरांच्या जागी टिकल्या आल्या. श्रीमंतला लिहिता-वाचता येत नव्हतं. रेशनपासून ते पोराच्या शाळेपर्यंत जिथं तिथं तो अंगठा उठवायचा आणि वर म्हणायचा, "सही काय, कोनीबी नक्कल करतंय. अंगठा कोन करंल?" रोज सकाळी गाडा बाहेर काढायच्या आधी तो नव्या मालातली एक टिकली सोलायचा, बाळाबाईची हनुवटी धरायचा आणि कपाळावर अंगठ्यानं दाबून बसवायचा. आरसा नको, काही नको. गाड्यावर शंभर आरसे, पण बाळाबाईनं टिकली कधी आरशात बघून लावली नाही. ती कपाळ घेऊन उभी राहायची आणि बायका येऊन म्हणायच्या, तुमी लावलीय तसली द्या.

हे सगळं बाळाबाईनं डॉक्टरला सांगितलं नाही. तिनं फक्त "मालक लावायचे" एवढंच सांगितलं. बाकीचं मास्तरांना पुढं, तुकड्या-तुकड्यानं कळलं.

चेतनानं हात धुतले आणि समोर येऊन बसली. "मावशी, हे अंगात आपोआप उठणारं कोड नाही. काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असतं. सगळ्यांना नाही, पण काहींच्या कातडीला ते सोसत नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. कोड असो की हे, शिवून कुणाला लागत नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. आता चिकटवायची टिकली कपाळाला पुन्हा लावायची नाही. दोन वेळा हे मलम, आठवड्यातून दोनदा इथं येऊन दिव्याखाली बसायचं. कपाळ उन्हात उघडं ठेवायचं नाही. सहा महिने तरी धीर धर. रंग येईल असं वाटतं, पण शब्द देत नाही, कधी कधी येत नाही."

"आन न्हाय लावलं औशद, तर?"

"जिवाला काही धोका नाही. दुखणार नाही, खाजणार नाही. दुसरीकडं कुठं डाग उमटला तर मात्र लगेच दाखवायचं."

बाळाबाईनं मलमाची चिठ्ठी घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. मास्तरांना वाटलं, सुटकेचा आनंद झाला असेल. ते स्वतः एवढे खूश होते की दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी तेच पुन्हा दोनदा सांगितलं. शेवटच्या पायरीवर बाळाबाई थांबली.

"मास्तर, येक ऐका. आमच्या बिरुदेवला ह्ये सांगू नका."

बिरुदेव तिचा मुलगा. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होता.

"का? चांगली गोष्ट आहे."

"टिकल्यानं झालं म्हनला तर, बापाच्या हातानं झालं आसं हुतंय की."

मास्तरांनी मान डोलावली आणि पेठेपर्यंत ते तिच्या मागून चालले.

सात वर्षांपूर्वी तो डाग मसुराएवढा होता. पहिल्यांदा तो श्रीमंतला दिसला, कारण त्या कपाळाकडं रोज इतक्या जवळून बघणारं दुसरं कोण होतं? तो काही बोलला नाही. त्यानं टिकली एक माप मोठी घेतली. डाग टिकलीच्या बाहेर डोकावला, तसं आणखी एक माप. पांढरं दिसू नये म्हणून कडेनं नीट बसवायची, दाबून धरायची, उन्हानं सुटू नये म्हणून दुपारी पुन्हा एकदा दाबायची. ज्यानं डाग पडत होता त्यानंच तो झाकत होता, जिवापाड. बाळाबाई एकदा मास्तरांना म्हणाली, "अंगठा लई येळ ठिवाया लागले, तवाच मला कळलं, कपाळावर कायतरी हाय म्हनून. मीबी न्हाय इच्यारलं."

गेल्या दिवाळीच्या आधी श्रीमंत छातीत कळ येऊन गेला. घरच्या बायकांनी रीतीप्रमाणं बांगड्या फोडल्या, टिकली काढली, कपाळ पुसलं, आणि खालचं पांढरं सगळ्यांसमोर आलं. तेव्हा तिची जाऊ म्हाळसाबाई भरल्या घरात म्हणाली, "बाई, देवानं अदुगरच पुसून ठिवलं हुतं की." तेराव्यापर्यंत ते वाक्य साऱ्या भावकीत फिरलं. झाकायला टिकली नाही, लावायला हात नाही. बाळाबाई पंधराव्या दिवशी तशीच गाड्यावर उभी राहिली.

तिनं औषध मात्र मनापासून सुरू केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दिव्याखाली बसायची. ऊन लागू नये म्हणून मालतीबाईंनी तिला मोठी छत्री दिली, ती गाड्याला बांधली. गजकर्ण बरं झालेले मास्तर (घरात आता मास्तर, मालतीबाई आणि मुलगी, तिघांचे तीन टॉवेल होते) दर आठवड्याला पेठेत जाऊन तिचं कपाळ तपासायचे. जूनच्या शेवटी त्या पांढऱ्यात पहिला तपकिरी ठिपका दिसला. तिळाएवढा. मग दुसरा, मग चार. मास्तर आनंदून म्हणाले, "बाळाबाई, समुद्रात बेटं वर येतायत."

"येऊ द्यात," ती म्हणाली.

बेटं वाढली. जुलैच्या शेवटी कडेनंही रंग आत सरकायला लागला. बायका पुन्हा गाड्यापाशी थांबू लागल्या, एक-दोन जणींनी टिकल्याही नेल्या. मालतीबाईंनी मास्तरांच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. पेठेत सोडलेला शब्द मास्तरांनी पाच महिन्यांत जवळजवळ परत आणला होता.

आणि सप्टेंबरात चेतनाचा फोन आला. "सर, तुमच्या मावशी तीन आठवडे आल्या नाहीत."

मास्तर त्याच दुपारी पेठेत गेले. गाडा जागेवर होता, छत्रीही होती. फळ्यावरच्या टिकल्या मात्र गेल्या होत्या. तिथं केसांच्या पिना लटकत होत्या. डाग अजून डाग होता, पण पहिल्यासारखा गोल राहिला नव्हता. एका बाजूनं रंगानं त्याचा मोठा लचका तोडला होता, मधे बेटं तशीच थांबली होती.

"हे काय?" मास्तर म्हणाले. "टिकल्या कुठायत?"

"पिना खपतात की. ह्या कपाळाकडनं टिकल्या कोन घेतंय?"

"पिनांवर घर चालतं का? मलम संपलं असेल तर मी आणतो. दिव्याखाली डोकं दुखतं का? बिरुदेव काही बोलला?"

"कोन कायबी बोललं न्हाय."

मास्तरांना राग आला. इतक्या महिन्यांचे कष्ट वाया गेल्याचा आला, आणि त्यात स्वतःच्या अपराधाची फेड अर्धीच राहिल्याचाही होता. या खेपेला आवाज मात्र त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दिला नाही.

"बाळाबाई, डॉक्टर म्हणते आणखी तीन महिने. सगळं कपाळ पहिल्यासारखं होईल. गिऱ्हाईक परत येत होतं. डाग जात होता, डोळ्यांनी दिसत होता जाताना. मग औषध का सोडलंत?"

बाळाबाईनं हातातल्या पिना फळ्याला लावल्या. मग उजव्या हाताचं बोट कपाळावर नेलं आणि न बघता, नेमकं त्या पांढऱ्याच्या कडेनं फिरवलं, जिथून रंग आत आला होता तिथं थांबवलं.

"मालकाचा अंगठा पुसाया लागला हुता," ती म्हणाली.