जीपचे मागचे पाटे

माझ्या नातीनं गेल्या दिवाळीत गाडी घेतली. उंच, मोठी, एसयूव्ही म्हणतात ती. घ्यायच्या आधी दोन महिने ती फोनवर मालकांचे अनुभव वाचत बसायची. मायलेज किती, खड्ड्यात आदळते का, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा किती... आणि मलाही वाचून दाखवायची. एकदा मी म्हटलं, "मागच्या सीटबद्दल मलाही एक सांगायचंय." ती हसली. "आजी, तू कधी गाडीची मालक होतीस?"

होते. म्हणून हे लिहायला बसले.

आधीच सांगून टाकते, आता जे लिहिणार आहे तसल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी परभणीची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन, डांबरी रस्त्यावरच्या झरी गावापासून सात-आठ किलोमीटर आत, एका गावात आले. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. येताना सोबत एक जीप आणली. वडिलांनी कुणाकडून तरी जुनी घेऊन, रंगवून, माझ्या नावावर करून दिली होती. पत्र्याचं टप, पुढं दोघं, मागं समोरासमोर दोन लांब बाकं. चालवायलाही त्यांनीच शिकवलेलं.

तेवीस वर्षांची मी म्हणजे एक नमुनाच होते. सहावारी साडी, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात न्यूटन. अंगात आलेल्या बाईला मी नाडीचे ठोके मोजून दाखवले होते. पहिल्याच महिन्यात जीप उलटी घेताना आमच्याच कडब्याच्या गंजीत घातली, आणि उतरून सगळ्यांना सांगितलं की ब्रेकची टेस्ट घेत होते. माझा सगळा जीव त्या जीपच्या मागच्या बाकांवर. त्यांना मी परभणीहून लाल रेक्झिनच्या नव्या गाद्या शिवून आणल्या होत्या. कुणी बसलं की उठल्यावर फडक्यानं पुसायचे.

शेतात खुरपायला गया यायची. माझ्याच वयाची, वस्तीवरच्या किसनची बायको. वस्ती म्हणजे गावाबाहेरची, बौद्धांची. मी बांधावर जीप लावली की गया खुरपं थांबवून म्हणायची, "बाई, गॉगलातून कापूस काळा दिसतो का वो?" बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा म्हणाली, "मलाबी बसवा की येकडाव." मी म्हटलं, "पाय बघ तुझे, चिखलानं भरलेत." ती पाय बघून हसली. मीही हसले.

ते अठ्ठ्याहत्तर साल. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. एसटी बंद झाली. कुठं कुठं वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि संध्याकाळी लोक पारावर हळू आवाजात बोलायचे. आमच्या गावात मात्र काहीच झालं नाही... असं आम्ही पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत होतो.

त्याच दिवसांत एका सकाळी, दहाच्या सुमाराला, किसन दारात आला. उंबऱ्यापासून लांबच उभा राहिला.

"बाई, मालक हायेत का घरी?"

मालक म्हणजे आमचे हे. आमच्याकडं बाईमाणूस नवऱ्याला मालकच म्हणतं, आणि गडीमाणसंही त्यांना मालकच म्हणतात.

"का रे?"

"गयाला कालपासून कळा यायलेत. सुईण म्हणायली, लेकरू आडवं हाय, परभणीच्या दवाखान्यात न्या. एसटी तर बंदच हाय. मालकानं जीप काढली तर लय उपकार व्हतील."

मी मागं वळून पाहिलं. मालक माजघरात बशीतून चहा पीत बसले होते. बशी तोंडाशी तशीच धरून माझ्याकडं बघत होते. दाराआड आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मान हलवत होत्या. नाही, नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. वस्तीवरच्या बाईला जीपमधून नेलं तर गाव काय म्हणेल, रस्त्यात कुणी अडवलं तर, काच फोडली तर, पेटवली तर.

माझ्या मनात काय होतं तेही लिहिते, आता लपवून कुणाला फसवू. माझ्या मनात लाल गाद्या होत्या.

"मालक घरी नाहीत," मी म्हणाले.

किसननं खाली बघितलं. "बरं बाई," म्हणाला आणि गेला.

जीपची चावी माझ्या कमरेला होती. आर.सी. बुकावर नाव माझं होतं. किसननं मालकाबद्दल विचारलं आणि मालकानंच, दारात उभं राहून, मालक घरी नाही म्हणून सांगितलं. फिजिक्सवाली बाई.

त्यांनी तिला बैलगाडीत घातलं. आमच्याकडची काळी माती पावसात कशी होते ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. गाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत, म्हणजे अर्धं चाक बुडेपर्यंत, रुतत होती. गावापासून डांबरी रस्त्याच्या निम्म्या वाटेवर एक ओढा आहे. तिथंच गया गेली. लेकरूही पोटातच गेलं. किसन गाडी वळवून तिला परत घेऊन आला.

आत्याबाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

महिना-दीड महिन्यानं एसटी सुरू झाली, सगळं शांत झालं. मी एकटीच जीप घेऊन परभणीला निघाले. दुपारचे बारा वाजलेले, लख्ख ऊन. ओढ्याला पाणी होतं म्हणून गाडी हळू केली... आणि मागून करकर आवाज आला. जीपचं नाक किंचित वर आलं, स्टेअरिंग हलकं झालं. जीप चालवलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. मागं कुणी चढून बसलं की असंच होतं. मी वळून पाहिलं. दोन्ही बाकं रिकामी. लाल, पुसलेली.

मी मनाशी म्हटलं, पाटे गेले. चाकांवर वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना मिस्त्री लोक पाटे म्हणतात. परभणीत दाखवू म्हणून तशीच पुढं गेले. सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर गर्दीमुळं थांबावं लागलं. तिथं पुन्हा करकर झाली आणि जीप मागून वर उठली. येताना काहीच नाही. ओढा आला आणि गेला.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही. मग मी प्रयोग सुरू केला, हो, प्रयोग. घरून निघताना मागच्या चाकाच्या आणि पत्र्याच्या मधली फट बोटांनी मोजायची. सात बोटं. ओढा ओलांडला की उतरून पुन्हा मोजायची. पाच बोटं. दवाखान्यापाशी पुन्हा सात. फक्त जाताना, येताना कधीच नाही. मी वहीत ओल, ऊन, पेट्रोलचं वजन, रस्त्याचा उतार असलं काय काय लिहून ठेवलं होतं. एक गोष्ट तेवढी लिहिली नाही, आणि ती मला पहिल्याच दिवशी कळली होती.

परभणीत एक म्हातारा मिस्त्री होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्यानं पाटे खोलले, धुतले, परत बसवले.

"पाटे बराबर हैं बाई. गाडीमें कोई नै तो पीछेसे दबती कायकू?"

मी त्याला दाखवायला घेऊन आले. ओढा ओलांडून गावाच्या बाजूला गाडी वळवली आणि परत परभणीच्या दिशेनं निघालो. करकर झाली. उस्तादनं मागं पाहिलं नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. झरी मागं पडल्यावर म्हणाला, "किसीकू पीछे छोडके आए क्या तुमे?"

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा.

त्यानं दवाखान्यापाशी उतरताना पैसे घेतले नाहीत. "गाडीमें काम नै निकला," एवढंच म्हणाला.

मालकांना मी सांगितलं तर ते चिडले. "तुला गाडी नीट चालवता येत नाही, आणि म्हणे मागं कुणी बसतंय." पण पुढं मी बघितलं, ते स्वतः जीप चालवायचे तेव्हा ओढ्यावर कारण नसताना थांबायचे. तंबाखू मळायचे. माणसाला चढून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग निघायचे. आमचा संसार असल्या न बोललेल्या गोष्टींवर बरा चालला.

दोन वर्षांनी मला दिवस राहिले. बाळंतपणाला माहेरी परभणीला जायचं होतं, पण त्याच्या आदल्या आठवड्यातच एका सकाळी कळा सुरू झाल्या. मालकांनी जीप काढली. मला मागच्या बाकावर आडवं केलं, पायाशी आत्याबाई बसल्या. मी विज्ञानबिज्ञान सगळं विसरले होते. डोक्यात एकच चालू होतं — ओढा येणार, आणि ती चढणार, आणि आज मी मागं आहे.

कुणाचं लेकरू कुणी न्यायचं, याचा हिशेब ती मागेल असं मला वाटत होतं. तिनं मागितला असता तर चूक नव्हती, हेही वाटत होतं. मी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

ओढ्यावर मालक थांबले. त्या दिवशीही थांबले. करकर झाली आणि माझ्या पाठीखालचं बाक खाली दबलं.

आत्याबाईंनी माझे पाय धरले आणि बाजूला सारले. "सरक जरा," मला म्हणाल्या, अगदी एसटीत म्हणतात तसं. "बसू दे तिला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मी त्यांना कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

गाडी चालू लागली. त्या रिकाम्या जागेकडं बघून आत्याबाई म्हणाल्या, "घरी व्हते माय. समदे घरीच व्हतो."

पुढं मालकांची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

पायाशी जी जागा केली होती तिथली रेक्झिन ओली झाल्यासारखी गार लागत होती. बाकी काही नाही. कुणी हात लावला नाही, कुणी बोललं नाही. दवाखान्याच्या फाटकाशी जीप उठली, मग मला उतरवलं. तासाभरात मुलगी झाली, माझ्या नातीची आई. धडधाकट. मी तिला आठ दिवस कुणाच्या हातात दिलं नाही.

आत्याबाई पुन्हा कधी त्या जीपमध्ये बसल्या नाहीत. शेवटच्या आजारपणातही म्हणाल्या, "एसटीनं न्या."

जीप आमच्याकडं पुढं बरीच वर्षं होती. पाटे बसतच राहिले. शेवटी इंजिन थकलं तेव्हा पोखर्णीच्या एका व्यापाऱ्याला दिली. तिकडून परभणीला यायला आमचा ओढा लागत नाही. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतरच्याच थंडीत विद्यापीठाचं नामांतर झालं. वस्तीवर दिवे लागले, लोक पेढे वाटत फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी किसन आमच्या दारात आला. केस पांढरे झालेले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. मी त्याला आत बोलावलं, मालकांशेजारी खुर्चीवर बसवलं. पंधरा-सोळा वर्षांत तो पहिल्यांदाच आमच्या घरात बसत होता. मालकांनी पेढा खाल्ला आणि बाहेर निघून गेले. त्यांना जमलं नाही.

मग मीच म्हटलं, "किसन, त्या दिवशी मालक घरी होते."

"ठावं हाय बाई," तो म्हणाला. "चपला दारातच व्हत्या त्यांच्या."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी जीपचं सगळं सांगून टाकलं. ओढा, करकर, सात बोटं, पाच बोटं, दवाखान्याचं फाटक. वाटलं तो उठून जाईल, किंवा हसेल. तो मन लावून ऐकत होता.

"ओढ्यात गाडी फसली व्हती," तो सांगू लागला. "बैल हलंनात. गया म्हणायली, जीप आली, मला उतरवा, जीप आली. मागं बघितलं तर कायबी नव्हतं. मी म्हणलं, पडून ऱ्हा. अन् बाई, एकदम गाडी हलकी झाली बघा. बैल आपसूक वर निघाले. मला वाटलं सुटली, आता पोचतो. वळून बघितलं तर ती तशीच पडलेली. वजन तर हाय तेवढंच, अन् बैल रिकामी गाडी वढल्यागत पळायलेत."

पाटे, वजन, बैल... मी फिजिक्सची पुस्तकं पुढं परत काढून बघितली आहेत, खोटं नाही सांगत. माझ्याकडं याचं उत्तर नाही. कुणाकडं असेल तर कळवा, पण पाटे खराब होते असं कळवू नका. उस्ताद चुकत नसे.

जाताना किसन दाराशी थांबला. अंगणात जीपची जागा रिकामी होती, तिकडं बघत होता.

"इकली का जीप?"

"विकली. पोखर्णीला. आता ती या वाटेनं येत नाही."

तो माझ्याकडं वळला.

"मंग आता तिला दवाखान्यात कोण न्हेतंय, बाई?"