राजाचं सहावं बोट

वहिनीचा जालन्याच्या दवाखान्यातून शेजारी फोन आला, तेव्हा मी चुलीवर खळ ढवळत होते. दादा गेला... हात थांबला की खळीत गाठी होतात, म्हणून मी ती आधी उतरवली आणि मग खाली बसले. आता महिना झाला.

दादा, माझा थोरला भाऊ, गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. एक्क्याऐंशीच्या सुमारास मुलांच्या एका मासिकासाठी त्याने राजाची चित्रकथा काढली होती. छापलेले अंक कधीच गेले, पण त्याच्या हातची मूळ पानं पत्र्याच्या पेटीत राहिली. पुष्कळ वर्षांनी पेटी उघडली, तर उधईने कडा खाल्लेल्या, वर धुराचा थर. ती पानं धड करून शाळेला द्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्याचे हात थरथरायचे, म्हणून मला बोलावलं. मी चौथी शिकलेली. पण मऊ लुगड्याला जाड ठिगळ लावलं तर लुगडंच फाटतं, हे गोधडी शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं. दादाने ठिगळाला जाड कागद काढला होता. मी पतंगाचा पातळ कागद हाताने फाडून मागून चिकटवला. दादा म्हणाला, "मास्तर मी हाय का तू?"

मळ आम्ही घट्ट कणकेच्या गोळ्याने टिपायचो. एके दिवशी कणीक सैल झाली होती. राजाच्या मुठीपाशी पांढरा डाग दिसला. चुना उडाला असेल समजून मी तो त्याच ओल्या गोळ्याने घासून काढला... आणि खालून एक बोट वर आलं. मोजली, तर सहा! चुकलेली रेघ दादाने पांढऱ्या रंगाने झाकली होती, हे मला काय माहीत? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय करून राह्यली गं?" म्हणत दादाने पान डोळ्यांजवळ नेलं आणि खोकला येईस्तोवर हसला. "तरीच ह्या राजाच्या हातची तलवार कोणी हिसकली न्हाई!"

दोन दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी दादा काठी टेकत माझ्या दारात आला. पांढऱ्या रंगाची बाटली पुढे ठेवून म्हणाला, "झाकायचं का ठेवायचं, तुझं तू बघ. पण खळ कर. अकरा पानं ऱ्हायलीत, अन् तुझ्याबिगर ती बिलकुल व्हायची न्हाईत."

मी खळ केली आणि आम्ही पुन्हा पानांना बसलो. मी चिकटवायचे, तो पाहायचा. शेवटचं पान राहिलं आणि त्याला जालन्याला नेलं...

ते पान मी काल केलं. उद्या सगळी पानं शाळेत पोचवायची, मी स्वतः. बाटली उघडली नाही. पोरं बोटं मोजतील, हसतील. वाटीत थोडी खळ उरली आहे. ती मात्र अजून धुवून टाकलेली नाही.