वरच्या मजल्यासाठी काढलेलं कर्ज

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या वहिनींचा. तालुक्याच्या शाळेतून मी ग्वाल्हेरला कॉलेजात आलो, तेव्हा गोरखीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एक त्यांनी मला अभ्यासाला दिली. त्या आणि दादा स्वयंपाकघरात झोपत. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या खोलीत झाला.

दादा आता नाहीत. यंदा मालकाने त्या खोल्या विकायला काढल्या. आधी वहिनींनाच विचारलं, पण तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्या लेकीकडे इंदूरला जायची बांधाबांध करू लागल्या. जायचं मात्र त्यांना मुळीच नव्हतं.

माझ्या निवृत्तीला अजून अवकाश होता आणि शहराच्या मुरार भागातल्या माझ्या घराचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. आम्ही नवराबायकोने ठरवलं, घर तारण ठेवून पैसे उचलायचे आणि खोल्या वहिनींच्या नावावर घ्यायच्या. त्यांना आधी कळलं असतं तर साफ नाही म्हणाल्या असत्या. म्हणून सांगितलं, वरचा मजला चढवायचाय.

बँकेचा इंजिनीअर घराची किंमत ठरवायला आला, त्या दिवशी वहिनी मुद्दाम पोहे करायला आल्या. पाहुण्याने कौतुक केलं की आपण कमीपणा घ्यायचा, हे आमच्या अंगात मुरलेलं.

"मकान बढ़िया है, सर," तो म्हणाला.

"कहाँ साहब, बस गुज़ारा है," मी म्हणालो. "दीवार में सीलन भी थी."

"रसोई भी छोटी ही है," बायकोने भर घातली.

भिंतीची ओल, लहान स्वयंपाकघर, तो सगळं लिहू लागला. वहिनी झारा घेऊनच बाहेर आल्या.

"भाऊजी, सोयरीक जुळवताय की कर्ज घेताय? गप्प बसा!" मग त्याच्याकडे वळून, "भैया, इनकी मत सुनो. दीवार पिछले साल ही ठीक कराई है. चलो, छत दिखाती हूँ."

गच्ची, बोअरिंग, सागवानी दारं, सगळं दाखवून झालं. झाऱ्याने भिंतही वाजवून झाली. तो हसत दोन बशा पोहे खाऊन गेला. पुढच्या आठवड्यात कर्ज हवं तेवढं मंजूर झालं. त्याच संध्याकाळी मी पत्र पाठवलं:

"तीर्थरूप वहिनी, साष्टांग नमस्कार.

समोर तुम्ही मला बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितोय. वरचा मजला वगैरे काही नाही. पैसे गोरखीच्या खोल्यांसाठी आहेत. सोमवारी रजिस्ट्री आहे, सही तुमची लागेल. घराची किंमत तुम्हीच भांडून वाढवलीत, आता माघार घेऊ नका. बांधलेलं सामान सोडा. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं न्यायला येतो. आधी पोहे खाऊ, माझ्या अभ्यासाच्या खोलीत.

तुमचा धाकटा दीर"