बेसन भाजल्याचा वास

फौजेतून निवृत्त होऊन दर्पण कॉलनीतल्या घरी कायमचा आलो, पण माझं शरीर अजून सुट्टीवरच आलेलं होतं. नोकरीभर आमच्याकडे एक रीत होती. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी बायको माझ्या डब्यासाठी बेसनाचे लाडू करायची आणि तो खमंग वास आला की मी काळी ट्रंक भरायला घ्यायचो.

परवा दुपारी पडल्या पडल्या तोच वास आला. मी ताडकन उठलो, पलंगाखालची ट्रंक ओढली, सदरे घड्या घालून भरले, वर दाढीचं सामान ठेवलं. बुटांना पॉलिश करत होतो तेवढ्यात हिंदी शाळेत जाणारी नात दारातून ओरडली, "आजी, बघ ना, आजोबा सामान बांध रहे हैं!"

तेव्हा कुठे आठवलं, मला जायचं कुठेच नाही. उभा जन्म जवानांना पळवणारा हा सुभेदार कढईच्या हुकमावर कूच करायला निघाला होता!

बायको उलथनं घेऊनच आली. वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "त्या लाडवांतला एकही कधी माझ्या घशाखाली उतरला नाही. आज खाणार आहे. आधी ती ट्रंक नजरेआड करा."