आल्टोबाई

एकतीस वर्षं चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे दुसरा आवाज, गाणाऱ्या बाईला लोक आल्टोबाई नाही म्हणणार तर काय म्हणणार! चाल गातात त्या पहिल्या आवाजाच्या बाया. कौतुक त्यांचं, लग्नाबिग्नात एकटीनं गायचा मान त्यांचा. दुसरा आवाज खालून आधार देतो. सगळ्यांबरोबर असला तर गाणं भरतं. नुसता ऐकला तर वाटतं, बाई चाल विसरली. आल्टोबाई शिवणयंत्रावर बसून तोच घोकायची, आणि नवरा आतून ओरडायचा, "अगं, चाल कुठल्या स्टॉपवर उतरली?"

नवरा बस कंडक्टर. तोंडाचा पट्टा असा, की मुक्या माणसालाही बोलतं करील. रविवारची ड्यूटी मुद्दाम मागून घ्यायचा. लग्नानंतर चर्चची पायरी म्हणून चढला नाही. "तू दोघांचं गाऊन घे," म्हणायचा. ती चिडायची, पण बोलण्यात त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार?

गेल्या वर्षी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, 'नाही'. चहा हवा का? नाही. आणि कप मात्र डाव्या हातानं ओढून घ्यायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, पहिल्या वर्षात येईल ते येईल. पुढे फार आशा धरू नका." येत्या मंगळवारी वर्ष भरत होतं.

तिसरा मजला, दोन खोल्या. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, चादर बदलायची, भरवायचं. खाली दुकानात जाऊन यायला मिळायची वीस मिनिटं, तीही धापा टाकत. खिडकीबाहेर समोरची भिंत, तिच्यावरचे ओलीचे डाग आता पाठ झालेले. लोक म्हणायचे, तो अंथरुणाला खिळलाय. आणि मी कशाला खिळलेय, ते कोणी विचारत नाही, असं तिच्या मनात यायचं. चर्चला जाऊन अकरा महिने झाले होते. प्रार्थना चालू होती, पण ती प्रार्थना कसली, भांडणच ते. देवा, घेतलंस ते घेतलंस, मला हाक मारील एवढा एक शब्द तरी परत दे.

कॉयरचे मास्तर एकदा दारात येऊन म्हणाले, "घरीच गात जा. धीर येतो."

"मास्तर, नुसता आल्टो ऐकून शेजारी दार ठोठावतील," ती हसून म्हणाली. खरं सांगायचं तर तिनं एकदा गाऊन पाहिलं होतं. अर्ध्या ओळीवरच थांबली आणि पुन्हा तोंड उघडलं नाही.

रविवार उजाडला. उपासनेच्या वेळेलाच त्यानं दुसऱ्यांदा चादर भिजवली. ती बदलायला गेली तर हात झटकून, "नाही! नाही! नाही!"

"मग पड तसाच!" ती किंचाळली. "मर एकदाचा, सुटू दे मला!"

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं, आणि तेही हे बोलायला. ती बाथरूममध्ये गेली, ओल्या फरशीवर बसली. स्वतःचीच भीती वाटत होती. प्रार्थनेला शब्द सुचेनात, तेव्हा तोंडात बसलेलं कॉयरचं गीतच बाहेर आलं.

"दार लागले, दिवा विझला, तरी तू जवळी..."

एकाच सुरावर रेंगाळणारं, मध्येच एक पायरी खाली उतरणारं. नुसता आल्टो, अर्धवट तर अर्धवट. दुसऱ्या ओळीला तिच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. तिला वाटलं, शेजारचा रेडिओ. ती थांबली. आवाज थांबला नाही.

"...तरी तू जवळी..."

जाड, घोगरा, पण शब्द सगळे धड. ती धावत बाहेर आली. तो छताकडे बघत गात होता, आणि डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं.

आणि तो चाल गात नव्हता. चाल त्याला येणार कुठून? तिचं कॉयर त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो आल्टो गात होता. शिवणयंत्रावरचा, तिचा, मध्येच एक पायरी उतरणारा. मेल्यानं सगळा ऐकला होता!

"अहो, मला हाक मारा ना," ती त्याचा हात धरून म्हणाली. "एकदा."

त्यानं ओठ जुळवले, मान ताणली, चेहरा लालबुंद झाला. "नाही," तो म्हणाला, आणि रागानं पलंगावर मूठ आपटली.

गाण्यात शब्द फुटत होते, बोलण्यात नाही. मंगळवारीही 'नाही'च असणार, हे तिला तेव्हाच कळलं. चादर ओली होती, ती बदलायची होती. समोर तीच भिंत होती.

त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तीही सवयीनं त्याच सुरात शिरली. पण दोघंही आल्टोच गाणार तर चाल कोण गाणार? आयुष्यात कधी गायली नव्हती ती पहिल्या आवाजाची ओळ तिनं घेतली. वरचा सूर लागला नाही, आवाज फाटला. पण खाली तो होता, जराही न हलता, तिची जागा धरून.